खिळ्यांचा बेहडा

"एखादं लाकूड विषारी असतं का गं?"

जयराजनं फोनवर कशीबशी हाक मारून थेट हेच विचारलं, तेव्हा ज्ञानदाला हसू आलं. कॉलेजातला हा तिचा दोस्त महाबळेश्वरच्या पलीकडे, तापोळ्याच्या वाटेवर होम-स्टे चालवायचा. पंखा किरकिरला तरी दहा जणांचा सल्ला घेऊन मग तेल घालणारा माणूस. पण त्या दिवशी त्याचा आवाज काही नेहमीचा नव्हता.

"असतं की," ती म्हणाली. "काही लाकडांचा भुसा नाकात गेला तर शिंका थांबत नाहीत. पुरळ उठतं. कुणाला काय झालंय?"

"फोनवर नको. तू येऊन बघ."

लाकूड बघणं हाच ज्ञानदाचा धंदा. बंगळूरला त्याचं रीतसर शिक्षण घेऊन ती सांगलीला परतली होती आणि घराच्या मागच्या खोलीत तिनं आपलं काम थाटलं होतं. कुणी वनखात्यानं पकडलेल्या ट्रकमधला तुकडा आणून द्यायचं, कुणी जुनी मूर्ती, कुणी नव्या दरवाज्याची ढलपी. कशाचं लाकूड आहे ते ती सांगायची. वीस-बावीस वर्षं हे करून लाकडाकडे बघायची तिची एक सवय झाली होती. रंगावर ती कधी जात नसे. रंग पॉलिशवाला देतो, म्हणायची. खरं काय ते आडव्या छेदात दिसतं.

फेब्रुवारी सरत आला होता. ती जयराजकडे पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेवर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया, गाड्यांची गर्दी, आणि इथं मात्र सगळं सामसूम. जयराजची बायको शिवांजली दारातच उभी होती. तिनं पाणी दिलं आणि कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"त्या खोलीत नवा पलंग घातलाय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर. तेव्हापासून चालू आहे."

चालू होतं ते असं. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ त्या पलंगावर झोपले आणि पहाटे हुडहुडी भरून उठले. थर्मामीटर लावलं तर ताप नाही. अंगावर तीन रजया घालूनही दात वाजत होते. त्यांच्यानंतर आलेल्या सोनिया नावाच्या मुलीची दाढ अशी ठणकायला लागली की ती भिंतीला डोकं लावून बसली. दंतवैद्याला दाढेत काही म्हणजे काही सापडलं नाही. आणि महिन्यापूर्वी एक नवं जोडपं आलं होतं. नवरा मुलगा इतका मऊ बोलणारा की शिवांजलीला त्याचं कौतुक वाटलं होतं. सकाळी तो उठला तो बायकोवर हात उगारूनच. मग स्वतःच्याच हाताकडे बघत रडायला लागला.

"इथून गेल्यावर बरे झाले असतील ना?" ज्ञानदानं विचारलं.

शिवांजलीनं मान हलवली. "नाही ना. सोनियाचा कालच फोन आला होता. दाढ अजून ठणकतेय. गादी बदलली, पाणी तपासलं, खोलीला रंग दिला. शेवटी हे म्हणाले, पलंगातच काही असेल."

पलंग मोठा देखणा होता. जाडजूड फळ्या, उंच डोक्याकडची बाजू, त्यावर गडद सोनेरी पॉलिश. तासगावच्या अमृत नावाच्या वखारवाल्यानं जुनं सागवान म्हणून विकला होता. ज्ञानदानं फळीवर हात फिरवला आणि ती तिथंच थबकली. सागाला हात लावला की बोटांना किंचित तेलकट लागतं, हुंगलं तर कातड्यासारखा वास येतो. इथं बोटं कोरडी राहिली. वास तळ्याच्या गाळाचा आला.

तिनं पलंगाच्या मागच्या बाजूची, भिंतीकडची फळी निवडली. धारदार पात्यानं तिच्या टोकाचा पापुद्रा काढला, कापलेल्या जागी ओलं बोट फिरवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. सागात वर्षावर्षाच्या कड्यांना धरून मोठी छिद्रं ओळीनं बसलेली असतात. तशी ओळ इथं नव्हती. मोठी पण विरळ छिद्रं कुठंही विखुरली होती. ऐनाचं लाकूड म्हणावं तर त्याचा गाभा काळपट तपकिरी, आणि या लाकडाला गाभाच वेगळा नव्हता. सालीपासून पोटापर्यंत एकच पिवळट राखाडी. प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं, आणि कड्यांना दोन्ही बाजूंनी फुटलेले पंख एकमेकांना भिडत गेलेले.

"बेहडा," ती म्हणाली. "त्रिफळ्यातला बेहडा. विषारीबिषारी काही नाही. पण पलंग कोण करतं याचा? खोकी करतात फार तर. कीड लागते, लवकर कुजतो. पाण्याखाली ठेवला तरच टिकतो."

"मग हा टिकला कसा?" मागून येऊन उभ्या राहिलेल्या जयराजनं विचारलं.

उत्तराऐवजी ती खाली वाकली. पॉलिशखाली जागोजागी लांबी, सुताराची पुट्टी, भरलेली होती. एका ठिकाणची लांबी तिनं सुईनं उकरून काढली. आत चौकोनी भोक निघालं, आणि भोकापासून दोन्ही बाजूंना रेषेरेषेनं पसरलेला निळा-काळा डाग. बेहड्यात तुरटपणा भरपूर असतो. लोखंड लागलं की त्यातून अशी शाई उतरते. म्हणजे इथं खिळा होता, आणि बरीच वर्षं होता. तिनं शेजारची लांबी उकरली. तिथंही भोक. मग अजून एक. सगळा पलंग भोकांनी भरलेला होता. सुताराचे खिळे असे नसतात. हे कुणी मन मानेल तसे, एकमेकांच्या शेजारी ठोकले होते.

जयराजला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, शिवांजली जेवणाचं बघायला गेली. ज्ञानदा पहाटे निघाली होती, पाठ भरून आली होती. शिवाय तिला वाटलं, लाकडात काही नाही म्हणून आपणच सांगतोय, तर पाठ टेकायला काय हरकत? ती पलंगावर आडवी झाली. खिडकीतून ऊन येत होतं. कुठंतरी दयाळ पक्षी शीळ घालत होता.

ती जागी झाली तेव्हा ऊन फक्त हातभर सरकलं होतं. तिचा डावा हात कोपरात मुडपून छातीशी होता आणि त्यावर वजन होतं. उबदार, आठ-नऊ महिन्यांच्या लेकराचं, झोपलेल्या लेकराचं असतं तसं सैल वजन. हात रिकामा होता. तिनं डोळ्यांनी पाहिलं की रिकामा आहे. तरी तो सरळ करायला तिचं मन धजेना. उशी ओली झाली होती. छाती दाटून ठणकत होती, आणि हे ठणकणं तिला ओळखीचं होतं. मुलगा पुष्कर तान्हा असताना त्याच्या रडण्याबरोबर असाच पान्हा दाटायचा. पुष्कर आता चोवीस वर्षांचा होता.

आणि आपलेच ओठ हलताहेत हे तिच्या लक्षात आलं. ती नाव घेत होती. "शिरपा. माझ्या शिरपा."

या नावाचं तिला कुणीच माहीत नव्हतं.

तिनं उजव्या हातानं पुण्याला फोन लावला. पुष्कर ऑफिसात होता. ठणठणीत होता, आणि आईचा आवाज ऐकून घाबरला. "काही नाही रे, सहज," असं म्हणून तिनं फोन ठेवला. शिवांजलीनं चहा दिला तो तिनं उजव्या हातानंच घेतला, बशी मात्र धरता येईना. शिवांजलीनं तिच्या मुडपलेल्या हाताकडे बघितलं आणि न विचारताच बशी खाली टेकवली.

सांगलीपर्यंत ती गाडी एका हातानं चालवत आली. घाटात दोनदा थांबली.

दुसऱ्या दिवशी ती अमृतच्या वखारीत उभी राहिली. चाळिशीचा गडी, द्राक्षांची खोकी बनवायचा, जोडीला जुनं लाकूड घेऊन फर्निचर.

"म्याडम, चूक झाली," त्यानं लगेच कबूल केलं. "पाण्यातनं निघाल्यालं लाकूड, असं कडक झालतं की सागाला मागं सारील. मला वाटलं कुणाला काय कळतंय."

"पाण्यातून म्हणजे?"

"धरणाच्या पोटातनं. दोन उन्हाळ्यामागं पाणी लय खाली गेलतं बघा, तवा जुनी झाडं उघडी पडली. त्यातलं एक आमी ओढून आणलं. आन करवतीला लावलं तर पात्यावर पातं मोडाय लागलं. बघतोय तर खोडात निस्तं लोखंड! चार गडी लावून उपसलं."

"ते खिळे कुठे आहेत?"

अमृतनं कोपऱ्यातलं एक बारदान पायानं पुढं ढकललं. खिळे गंजून काळे झाले होते, पण मोडले नव्हते. लोहाराच्या हातचे, चौकोनी, लहान-मोठे. "भंगारवाला बी न्हेईना," अमृत म्हणाला. मग आवाज उतरवत म्हणाला, "उपसणाऱ्यातला एक गडी तवापास्नं बोलत न्हाई. घसा चांगला हाय म्हणत्यात डाक्टर. पर बोलत न्हाई."

झाड कुठल्या गावचं, ते त्याला ठाऊक होतं. त्या गावचे लोक धरणातून उठले तेव्हा काही घरं तासगावजवळ वसवली होती. त्यातला नानासो नावाचा बागाईतदार अमृतकडूनच खोकी घ्यायचा. "त्याची आई हाय अजून. भामाबाई. तिला इचारा."

नानासोच्या शेडमध्ये बेदाणा घालायचं काम चालू होतं. जाळ्यांवर हिरवी द्राक्षं पसरली होती, हवेत गोड आंबूस वास होता. भामाबाई खाली पोत्यावर बसून खराब मणी निवडत होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, काटक. ज्ञानदानं बारदान तिच्यापुढं उघडलं. म्हातारीचा हात मण्यांवरच थांबला.

"कुणी काढलं हे?" तिनं विचारलं.

ज्ञानदानं सगळं सांगितलं. पाहुण्यांची दुखणी सांगितली, लाकूड कशावरून ओळखलं ते सांगितलं. आपल्या हाताचं मात्र सांगितलं नाही.

"बेहडाच त्यो," भामाबाई म्हणाली. "बेहड्याला भुताचं झाड म्हणत्यात. घराला कोण लावत न्हाई, सरपणाला कोण तोडत न्हाई. म्हणून तर समदं त्याच्यावर टाकायचं. दाढ दुखली, खिळा. ताप उतरंना, खिळा. दाल्ल्याचा हात बायकूवर लय चालतूय, त्याचा राग बी खिळ्यात. झाडाच्या कानात सांगायचं, ठोकायचा, आन मागं न बघता घरला यायचं. धरणाचं पाणी चढलं तवा आमी देव आणलं, जाती आणली. बेहडा ऱ्हायला. त्याचा शेंडा बुडाला तवा म्हातारी माणसं म्हणली, बरं झालं, समदं बुडालं एकदाचं."

"आये, जुन्या गोष्टी त्या," नानासो मधेच म्हणाला. "आवं म्याडम, तुमी शिकल्याल्या. तुमाला पटतंय व्हय हे?"

ज्ञानदानं उजव्या हातानं बारदान जवळ ओढलं. भामाबाई मात्र तिच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"पोरी, तू बी निजलीस त्यावर."

"हो."

"काय आलं तुझ्याकडं?"

"लेकरू," ज्ञानदा म्हणाली. "शिरपा म्हणून कुणी होतं का, आजी?"

म्हातारीच्या मांडीवरची पाटी कलंडली. मणी घरंगळत गेले, कुणी उचलले नाहीत. बराच वेळ ती तोंडातल्या तोंडात ते नाव घोळवत राहिली, चव बघावी तसं.

"माझा भाव," ती शेवटी म्हणाली. "मी सात-आठ वर्साची आसंन. रांगत हुता. तापात गेला. आई चार दिस त्याला खाली ठेवंना. मग देवरुषानं तिला बेहड्याकडं न्हेलं. घरला आली ती गप. घरात त्याचं नाव कुणी घ्यायचं न्हाई म्हणली. आमी घेतलं न्हाई, आन इसरलो. आयुष्यभर आठवत बसली मी, भावाचं नाव काय हुतं. आई त्या दिसापास्नं रडली न्हाई बघ. हसली बी न्हाई. माझ्या लग्नात दगडागत हुबी हुती."

तिनं पदरानं डोळे टिपले, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि लेकाला म्हणाली, "नाना, जीप काढ."

दुसऱ्या दिवशी उजाडताच जयराजच्या अंगणात त्यांनी पलंग सुटा केला. ज्ञानदानं एकेक भोक उकरून मोकळं केलं. काम सोपं नव्हतं. खिळा त्याच्या त्याच भोकात जायला हवा, असं भामाबाईचं म्हणणं. मग ज्ञानदा भोकाचा आकार आणि डागाची रुंदी बघून खिळा निवडायची, भामाबाई तो बोटात फिरवून "व्हय" किंवा "न्हाई" म्हणायची, आणि नानासो हातोडी मारायचा. पहिल्या घावालाच तो चपापला. लोखंडावर लोखंड आपटूनही टण्ण असा आवाज येत नव्हता. ढब्ब. फार खोल पाण्यात कुणी काही ठोकतंय असा. त्यानंतर नानासो थट्टा करायचा थांबला.

दुपार कलायच्या आत शिवांजली फोन घेऊन अंगणात आली. "सोनिया आहे," ती हळूच म्हणाली. "दाढ थांबली म्हणते. आत्ता, जेवता जेवता."

जयराज ओट्यावर बसला तो बसलाच.

डोक्याकडच्या फळीत एक खिळा उपसायचा राहून गेला होता. तो पृष्ठभागावर नव्हताच. लाकडाच्या पोटात, फार आत, करवतीनं अर्धा कापलेला. रेषा त्याच्याभोवती वळसा घालून गेल्या होत्या, ओढ्याचं पाणी खडकाला वळसा घालतं तशा. झाड कोवळं असताना तो कुणी ठोकला होता आणि झाडानं तो हळूहळू गिळला होता. ज्ञानदानं भिंग लावलं. या डागाला निळाईच नव्हती, नुसता काळा होता, आणि तिथून निघून फळीभर, दुसऱ्या फळीत, सगळ्या लाकडात बारीक रेषांनी पोचला होता. हे तिनं आजवर कुठल्याच लाकडात पाहिलं नव्हतं.

"हा कुणाचा, आजी?"

भामाबाईनं बघितलं आणि तिला मागं ओढलं. "आमच्या गावचा न्हवं. गाव वसायच्या आदीचा. त्याला हात लावू नगंस. श्वास बी सोडू नगंस त्याच्यावर."

शेवटी एकच भोक उरलं आणि बारदानाच्या तळाशी एकच खिळा. बारीक, पसरट डोक्याचा. भामाबाईनं तो तळहातावर घेतला. "बैलाच्या पत्रीचा खिळा. घरात दुसरं लोखंड नव्हतं. आईनं बैलाच्या खुरातनं काढल्याला."

नानासोनं हातोडी पुढं केली. म्हातारीनं ज्ञानदाकडे बघितलं.

"बोल पोरी. ठोकला की तुझा हात मोकळा हुईल."

ज्ञानदाचा हात आता खांद्यापासून दुखत होता. रात्री ती त्याच कुशीवर निजली होती, लेकरू दबू नये म्हणून. सुटका हवीशी वाटत होती, हे खोटं नव्हतं. पण खिळा आत गेला की हे नाव पुन्हा कुणाच्या तोंडी येणार नाही, समोरच्या या म्हातारीच्याही नाही, हेही तिला कळत होतं.

"नको," ती म्हणाली.

भामाबाई जमिनीवर तिच्या शेजारी बसली. रिकाम्या हाताखाली तिनं आपला हात धरला, एकीकडून दुसरीकडं लेकरू घेताना धरतात तसा, आणि वजन पडल्यावर जावा तसा तिचा हात खाली गेला. मग ती रडली. सत्तर वर्षांचं रडली. नानासोनं आईला कधी असं बघितलं नव्हतं. तो हातोडी घेऊन तिथंच उभा राहिला.

संध्याकाळच्या आधी त्यांनी फळ्या तापोळ्याहून लाँचमधून त्याच धरणाच्या मधोमध नेल्या आणि दगड बांधून सोडल्या. डोक्याकडची फळी लवकर बुडेना. दगड बांधूनही ती लाँचच्या कडेकडेनं तरंगत राहिली, वारा नसताना. लाँचवाल्यानं इंजिन चालू केलं तरी मागं येत राहिली. भामाबाई तिच्याकडे पाठ करून बसली आणि सगळ्यांना तसंच बसायला लावलं. काठ येईपर्यंत कुणीही मागं बघितलं नाही.

पुढं अमृतचा गडी बोलायला लागला. पुण्याच्या गृहस्थांची हुडहुडी गेली. जयराजनं ती खोली पाडून तिथं भाजीचे वाफे केले.

ज्ञानदाचा हात आता सरळ होतो, पण वजन गेलेलं नाही. ती पहिल्यासारखीच भिंग लावून लाकडं बघते, फक्त छेदात खिळ्याचा निळा डाग दिसला की तुकडा परत करते, काही न लिहिता. दर काही दिवसांनी शिरपाचं सांगायला तासगावला फोन करते. भामाबाईला ऐकायला कमी येतं, म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागतं.

परवाच्या बुधवारी बाजारातून परत येताना वजन हातावर नव्हतं. ती थांबून आजूबाजूला बघायला लागली. मग तिला कळलं की कुणीतरी तिचं बोट धरलंय. छोटी, घामेजलेली मूठ. ती चालली की ओढ लागत होती, थांबली की थांबत होती.

घरी पोचेपर्यंत तिला दम निघाला नाही. रस्त्यातच तिनं फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, घाबरलेला आणि हरखलेला, दोन्ही.

"चालायच्या आदीच गेला हुता गं त्यो," भामाबाई म्हणाली. "हळू चाल. गाड्या असत्यात."